खरड, गोडी आणि बेदाणा

सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबाग येते. १९१९ सालचं विलिंग्डन महाविद्यालय इथलंच, १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकीही इथलंच. रेल्वेचं छोटं स्थानकही याच नावाचं. वस्ती, दुकानं आणि शिकवण्या यांनी परिसर भरून गेला आहे, पण नावातली बाग टिकून आहे. हे नाव दोन भाषांचं मिळून झालेलं. ‘विश्राम’ संस्कृत, श्रम थांबल्यावरचा. ‘बाग’ फारसी. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातही हीच जोडी आहे. मराठीने फारसी शब्द घेतले तेव्हा त्यांना आपलं लिंग दिलं. फारसीत नामांना लिंग नसतं, हिंदी-उर्दूत बाग पुल्लिंगी, आणि मराठीत ती बाग झाली. मराठी शेतकरी ज्या जिव्हाळ्याने तिच्याबद्दल बोलतो, तो ऐकला की हे स्त्रीलिंग किती आतून आलं आहे ते कळतं.

सांगली जिल्ह्यात नुसतं ‘बाग’ म्हटलं की ती द्राक्षाची. पेरूची बाग, डाळिंबाची बाग असं फोड करून सांगावं लागतं, आंब्याची तर आमराई असते. पण तासगाव, सावळज, मणेराजुरी, कवठेएकंद या पट्ट्यात किंवा मिरजेच्या पूर्व भागात “बाग किती हाय?” असं कुणी विचारलं की कोणती बाग हा प्रश्न उरत नाही. बाग धरली, बाग साधली, बाग गेली अशा दोन-दोन शब्दांत इथे वर्षाचा हिशेब सांगितला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरला, शेवटची पेटी गाडीत चढली, की बागेला काही दिवस विश्रांती देतात. हा शब्द त्यांचाच: “बागंला इस्रांती दिलीया.” शेवटचं पान ताण सोसून पुन्हा जरा सावरेल, ओलांड्यात, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीत, अन्नसाठा होईल, एवढाच तो अवधी. मग कात्री निघते. ही कात्री म्हणजे संस्कृतातली कर्तरी. अलीकडे तिच्या जोडीला फ्रेंचांकडून आलेला ‘सिकेटर’ही कमरेला लटकलेला असतो.

आणि मग जी छाटणी होते तिला म्हणतात खरड.

मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. कृषी खात्याच्या पुस्तिकांत त्याला ‘पायाभूत छाटणी’ म्हणतात, बोलताना ‘एप्रिल छाटणी’ही म्हणतात. पण पायाभूत हा शब्द हेतू सांगतो, एप्रिल हा महिना सांगतो. हात काय करतो आणि डोळ्यांना काय दिसतं, ते फक्त खरड सांगते. हंगामभर वाढलेली एकेक काडी ओलांड्याजवळ एक डोळा राखून कापून काढायची. काल ज्या मांडवाखाली ऊन शिरत नव्हतं तिथे आज तारा, खांब आणि आडवे ओलांडे तेवढे दिसतात. पान नाही, काडी नाही. भर उन्हाळ्यात बाग अशी खरवडून काढल्यासारखी उभी असते.

हे असं का करावं लागतं, यात या शब्दाचं कूळ नसलं तरी त्याची गरज आहे. थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं झाडते आणि झोपते. तिथे वर्षातून एकदा, ती झोपेत असताना छाटलं की भागतं. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी नाही, ती बारमाही हिरवी राहू पाहते. म्हणून महाराष्ट्राने दोन छाटण्यांची रीत बसवली. पहिल्या छाटणीनंतर येणाऱ्या काडीवर पीक घ्यायचं नाही, तिला फक्त पिकवायचं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत, त्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची सूक्ष्म जडणघडण होते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमाराला ती काडी पुन्हा छाटली की डोळ्यात दडलेला घड बाहेर येतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेला आला होता. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. दख्खनच्या हवेत वेल थांबत नाही ही गोष्ट तेव्हाच्या बागवानांनाही ठाऊक होती.

‘खरडणे’ हा मुळात आवाजाचा शब्द असावा. खरखर, खरखरीत, खरड हे सगळे कठीण पृष्ठभागावर कठीण धार फिरवल्याचे नाद आहेत. पण मराठीने या एका नादातून केवढा संसार उभा केला! भांड्याच्या तळाला लागलेली ती खरवड. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ रगडून काढलेला तो खरडा. सांगली-कोल्हापूरकडे भाकरीबरोबर खरडा नसेल तर जेवणात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. कुणाची कानउघाडणी केली तर ती खरडपट्टी. पुराने मातीचा वरचा थर नेला की जमीन खरडून गेली. कृष्णेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ साली हा शब्दप्रयोग पंचनाम्याच्या कागदांवर पुन्हा पुन्हा लिहिला. तोच शब्द बागेत येतो तेव्हा त्यातली हानी निघून जाते आणि पुढच्या पिकाची तयारी त्यात भरते. एका क्रियापदाने पुराची आणि पिकाची अशी दोन्ही टोकं सांभाळावीत, हे भाषेचं मोठं सामर्थ्य आहे.

याच कुळातला ‘खर्डा’ दफ्तरात शिरला. पत्राचा कच्चा मसुदा तो खर्डा, आणि दिवसभर कागद भरत बसण्याचं काम ती खर्डेघाशी. घाईने लिहिलं की आपण “दोन ओळी खरडल्या” म्हणतो आणि त्यात थोडा कमीपणा मानतो. तसा मानायचं कारण नाही. ‘लिहिणे’ या प्रतिष्ठित शब्दाचा जन्मही खरडण्यातच आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा जुना अर्थ ओरखडणे, खरवडणे. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, त्यांत छेद्य आणि भेद्य यांच्या पाठोपाठ ‘लेख्य’ आहे. वाढलेला, दुष्ट झालेला भाग खरवडून काढायचा ते लेख्य कर्म. वैद्य आजही ‘लेखन’ औषधांविषयी बोलतात तेव्हा त्यांना लेखणी अभिप्रेत नसते, मेद खरवडून काढणारं औषध अभिप्रेत असतं. इंग्रजीतल्या लिहिण्याच्या क्रियापदाचाही जुना अर्थ ओरखडे काढणे असाच आहे. झाडाची साल, मातीची वीट, ताडपत्र यांवर टोकदार वस्तूने ओढलेली रेघ म्हणजे पहिलं लेखन. तेव्हा तासगावच्या बागेत खरड करणारा आणि कागदावर मजकूर खरडणारा हे शब्दाच्या नात्याने भाऊबंद ठरतात.

बागेत या नात्याचा आणखी एक साक्षीदार आहे, ‘कलम’. हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि अरबीत तो ग्रीकांच्या बोरूवरून आला असं मानतात. बोरू म्हणजे तिरका छेद देऊन तासलेली काडी. द्राक्षाचं पाचर कलम बांधताना कारागीर जे करतो ते अगदी हेच आहे. डॉगरिजसारख्या जंगली खुंटावर उभी चीर घ्यायची, हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासायची, ती चिरेत बसवून घट्ट गुंडाळायची. तासलेली काडी शाईत बुडवली तर लेखणी, खुंटात बसवली तर झाड. उर्दूत ‘कलम करणे’ म्हणजे छाटणे, अगदी शिरसुद्धा. मराठीत तो अर्थ फारसा रुळला नाही. आपण कलम करतो ते वाढवण्यासाठी. कायद्याचं कलम मात्र घेतलं, आणि तिथेही एकाला एक जोडत जाण्याचाच भाव आहे.

‘छाटणे’ या शब्दाबद्दलही थोडं. हिंदीत ‘छाँटना’ म्हणजे कापणेही आणि निवडणेही. धान्यातले खडे छाँटतात, मुलांमधून संघ छाँटतात. कामगार कमी केले की वर्तमानपत्रं ‘छँटनी’ लिहितात. मराठी छाटणीत निवडीचा हा अर्थ कोशाला दिसत नाही, पण कामात तो पुरेपूर आहे. कोणती काडी ठेवायची, कोणती काढायची, किती डोळ्यांवर कापायचं हे प्रत्येक वेलीपाशी ठरवावं लागतं. जाडी, पेऱ्यांतलं अंतर, काडीचा रंग असं सगळं एका नजरेत जोखून कात्री चालते. छाटणीच्या टोळीतला जुना माणूस हे न थांबता करतो. तेव्हा हिंदीतला तो दुसरा अर्थ सांगलीच्या हाताने राखला आहे असं मी म्हणेन.

दुसऱ्या छाटणीला कुणी ऑक्टोबर छाटणी म्हणतं, कुणी फळछाटणी, आणि फार गोड नाव म्हणजे ‘गोडी’. खरड आणि गोडी. एकीत सगळं जातं, दुसरीत साखर येते. ‘गोड’ हा शब्द संस्कृतातल्या ‘गुड’ आणि ‘गौड’ यांच्या, म्हणजे गुळाच्या घरातला. उसाच्या रसातून निघालेलं विशेषण असं शेजारच्या बांधावरून द्राक्षाच्या वेलीवर चढलं. सांगली जिल्ह्यात ऊस आणि द्राक्ष एकमेकांना खेटूनच उभे असतात, त्यामुळे हा बांध ओलांडायला शब्दाला फार चालावं लागलं नसेल.

गोडी कधी घ्यायची यावरून बागायतदारांत ‘आगाप’ आणि ‘मागास’ असे दोन पक्ष पडतात. आगाप छाटली तर माल लवकर येतो, दर बरा मिळतो, पण परतीच्या पावसात सापडण्याची भीती. मागास छाटली तर पाऊस टळतो, आणि बाजारात गर्दी गाठ पडते. मागास हा शब्द आपण शहरात इतक्या वेगळ्या, जड अर्थाने वापरतो की बागेत तो निव्वळ ‘उशिराचा’ या अर्थाने ऐकून बरं वाटतं. कुणाला कमी लेखण्याचा लवलेश त्यात नाही.

गोडी झाली की सगळं लक्ष डोळ्यांवर. काडीवरच्या कोंभाला डोळा म्हणणारे आपण एकटे नाही. उसाला डोळा, बटाट्याला डोळा, आणि युरोपातल्या कितीतरी भाषांतही कळीला डोळाच म्हणतात. लॅटिनमध्ये एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडात बसवण्याला जे क्रियापद होतं, त्यावरून पुढे देवीची लस टोचण्याचा इंग्रजी शब्द तयार झाला. माणसाच्या दंडाला लस टोचणं आणि गुलाबाला डोळा भरणं ही एकच कृती आहे असं कुणाला तरी वाटलं म्हणून. मराठीतही आपण डोळा ‘भरतो’, डोळा ‘बांधतो’. द्राक्षात डोळा फुगतो आणि मग फुटतो. माणसाच्या बाबतीत जो शब्दप्रयोग तोंडून काढू नये, तो बागेत आनंदाची बातमी असतो: “समदं डोळं एकसारखं फुटल्यात.” ते एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावतात, त्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. गोडीच्या आधी काही काड्या प्रयोगशाळेत नेऊन, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आत घड आहे की नाही ते. त्याला ‘काडी तपासणी’ म्हणतात. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच्या कितीतरी सल्ल्यांचा पाया हा एक डोळा असतो.

आता ज्या शब्दांसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, त्यांच्याकडे येतो. वेलीला आधार शोधणारे जे कुरळे तंतू फुटतात त्यांना पाठ्यपुस्तकं ‘तणावा’ म्हणतात. बागेत त्यांना ‘बाळी’ म्हणतात. कानातली बाळी. गोल वळलेला, हिरवट, नाजूक तो तंतू एकदा पाहिला की दुसरं नाव सुचत नाही. द्राक्षाला ‘मणी’ म्हणायचं. मण्यांचा ‘घड’, घडाच्या बाजूला फुटलेल्या फांद्या त्या ‘पाकळ्या’. बगलेत फुटते ती ‘बगलफूट’, ज्या फुटीवर घड नाही ती ‘वांझ फूट’. डोळा, बगल, बाळी, मणी, पाकळी असं हे सगळं अंगावरचं आणि दागिन्यांतलं आहे. बागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, हातात छोटी कात्री घेऊन दिवसभर मान वर करून उभ्या राहतात त्या बहुतेक बायका असतात. हे शब्द कुणी घडवले याचा कागद नाही, पण बाळी हा शब्द बाईच्याच तोंडून पहिल्यांदा निघाला असावा असं माझं मन सांगतं.

या बाळीशी बागायतदाराची एक मोठी भीती जोडलेली आहे. घड आणि बाळी ही दोन्ही वेलीच्या एकाच प्रकारच्या अंकुरातून तयार होतात. अन्नसाठा कमी पडला, ढगाळ हवा राहिली, पाऊस लागला, तर निघालेला कोवळा घड वाढायच्या ऐवजी लांबट होतो, त्याचे मणी नाहीसे होतात आणि उरते ती नुसती बाळी. या घटनेला शब्द आहे ‘घड जिरणे’. जिरणे म्हणजे आत शोषलं जाणं, पचणं. पाणी जमिनीत जिरतं, अन्न अंगात जिरतं, आणि माणसाची मस्ती जिरते. घड गळून पडला असता तर मातीवर काही तरी दिसलं असतं. इथे पडत काहीच नाही. वेलीने दिलेला घड वेलीनेच परत घेतला. वनस्पतिशास्त्राची दोन पानं समजावतील तेवढं ‘जिरला’ या तीन अक्षरांत आहे, आणि ज्याची बाग आहे त्याच्या आवाजात ते ऐकताना त्यातलं दुःखही कळतं.

फळाच्या नावाचा प्रवास याहून लांबचा आहे. द्राक्षा हा शब्द संस्कृतात आहे, पण त्याला जोडलेला मुलूख वायव्येचा. पाणिनीने कापिशी या गावावरून शब्द साधण्याचा नियम सांगितला आणि त्याची उदाहरणं देताना नंतरच्या टीकाकारांनी कापिशायन मधू आणि कापिशायनी द्राक्षा सांगितल्या. कापिशी म्हणजे काबूलजवळचं आजचं बेग्राम. कौटिल्यही द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हणतो आणि त्याचा प्रकार कापिशायन असा त्या देशावरून सांगतो. तो द्राक्षाला ‘मृद्वीका’ म्हणतो, म्हणजे मऊ. वैद्यांनाही हाच शब्द आवडला. पुढे हिंदीत द्राक्षाचं दाख झालं आणि मग ते बाजूला पडून फारसी अंगूर आला. मराठीने, गुजरातीने, कन्नडने द्राक्ष राखलं. तमिळमध्येही ते तिराट्चै होऊन नांदतं. मराठीत ते नपुंसकलिंगी झालं एवढाच फरक.

एक शब्द मात्र दोन मराठींत वेगळा राहिला. बायबलच्या मराठी भाषांतरांत ‘द्राक्षमळा’ आणि ‘द्राक्षारस’ आहेत. मळा हा आपला, विहिरीच्या पाण्यावरचा शब्द. अनुवादकांनी विचारपूर्वक निवडला असणार, आणि चांगला निवडला. तरी सांगलीत कुणी द्राक्षमळा म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात माळी द्राक्षवेल छाटतो, तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘स्वच्छ करणे’ असा आहे. खरवडून स्वच्छ करणं हे खरडीचं काम त्या भाषेलाही तसंच दिसलं होतं.

जातींच्या नावांत तर अख्खा इतिहास साठलेला आहे. जुन्या नाशिककडच्या बागांतली ‘भोकरी’ हे नाव भोकराच्या फळाची आठवण करून देतं. ‘फकडी’, ‘हबशी’, ‘साहेबी’ ही नावं रंगावरून आणि तोऱ्यावरून पडलेली वाटतात. गणेशखिंडीत निवडलेल्या ‘चीमा साहेबी’त पुण्याचे उद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा राहिले. हैदराबादेची ‘अनाब-ए-शाही’ म्हणजे राजेशाही द्राक्ष. अरबीत इनब म्हणजे द्राक्ष. मग आलं थॉमसन. विल्यम थॉमसन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून काड्या मागवल्या आणि त्यातून वाढलेल्या बिनबियांच्या जातीला त्याचं नाव चिकटलं. ती जात मुळात तुर्की-इराणी मुलखातली ‘सुलताना’ किंवा ‘किशमिश’. म्हणजे आपल्या वाण्याकडच्या किसमिसची ती वेल अमेरिकेला जाऊन इंग्रजी नाव घेऊन सांगलीला आली.

सांगलीने तिला पुन्हा आपलं नाव दिलं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत थॉमसनमधून निवडलेली जात ‘तास-ए-गणेश’ म्हणून प्रसिद्ध झाली. तासगाव आणि गणपती हे नातं इकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं ते देऊळ, त्याचं दाक्षिणात्य घडणीचं गोपूर आणि गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीचा रथ ही सांगली जिल्ह्याची ओळख आहे. मला या नावातला मधला ‘ए’ फार आवडतो. तो कानाला अनाब-ए-शाहीसारखा, फारसी थाटाचा लागतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तासगाव आणि गणेश बसलेले. सोलापूरकडच्या ‘सोनाका’ची घडण वेगळी: सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं. ऐकणाऱ्याला त्यात सोनंच ऐकू येतं, आणि पिकलेल्या घडाचा रंग पाहता ते योग्यच आहे.

या सगळ्या गोडीचा शेवटी पुष्कळ ठिकाणी होतो तो बेदाणा. साखर भरपूर उतरलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या पाण्यात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर सावलीत पसरायची, दोनेक आठवडे वारा लागू द्यायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मिरज-पंढरपूर रस्त्याने, कवठेमहांकाळ आणि जतच्या कोरड्या हवेत, ही शेडं ओळीने उभी दिसतात. माल तासगावच्या आणि सांगलीच्या सौद्यांना जातो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

‘बेदाणा’ म्हणजे बे-दाना, दाण्यावाचूनचा, बिनबियांचा. बेसूर, बेपर्वा, बेइमान यांतला जो ‘बे’ उणीव सांगतो, तोच इथे गुण सांगतो. फारसी ‘दाना’ आणि वेदातली ‘धाना’ या एका मुळातल्या बहिणी, आणि मराठीने ‘ना’चा ‘णा’ करून या शब्दाला अगदी घरचं केलं. गंमत अशी की ‘बिनबियांचा’ या विशेषणाने प्रत्येक प्रांतात वेगळं फळ धरलं. बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब! इराणी-अफगाणी बिनबियांच्या डाळिंबावरून ते नाव पडलं आणि मग बियांनी गच्च भरलेल्या सगळ्याच डाळिंबांना लागलं. काष्ठौषधींच्या दुकानातला ‘बिहीदाणा’ याहून निराळा. ते बिही नावाच्या फळाचं बी, आणि नावाच्या साधर्म्यामुळे चिठ्ठीवर कधी कधी त्याचाही बेदाणा होतो. दुकानदाराने विचारून घ्यावं हे बरं.

‘मनुका’ची कथा तर उलटी फिरलेली. अरबी-फारसी ‘मुनक्का’ म्हणजे साफ केलेला, बिया काढलेला. ती साफ केलेली सुकी द्राक्षं मोठी आणि बियांच्या जातीची असत, म्हणून मग बिया न काढताही त्या जातीला मुनक्काच म्हणू लागले. आज घरोघरी भिजत घालतात त्या काळ्या मनुकेत पुष्कळदा बी असतं. अर्थ निघून गेला, फळ राहिलं. इंग्रजांकडेही असंच झालं आहे. फ्रेंचांचा ताज्या द्राक्षाचा शब्द त्यांनी सुक्या द्राक्षाला लावला, आणि ग्रीसच्या कॉरिंथ बंदरावरून आलेलं बारीक बेदाण्याचं नाव पुढे त्यांच्या कुंपणातल्या आंबट बोरांनाही दिलं. फळ सुकताना पाणी सोडतं, शब्द प्रवासात अर्थ सोडतो, आणि दोघांची चव मात्र राहते.

वेलीवर येणारे रोगही आपली नावं घेऊन येतात. ‘भुरी’ हे नाव पानावर पिठासारखा थर येतो त्यावरून पडलं, ‘करपा’ हे तर करपलेल्या डागांवरून उघडच आहे. पण सगळ्यांत भयंकर रोग तो ‘दावण्या’. पावसाळी, दमट हवेत पानाच्या मागे पांढरी लव येते, आणि ती कोवळ्या घडापर्यंत पोचली तर आठवड्यात बाग जाते. इंग्रजीत या रोगाच्या नावातलं विशेषण लवदार असं सांगतं, डाऊनी. कृषी पुस्तकांनी त्याचं ‘केवडा’ असं भाषांतर केलं होतं. शेतकऱ्याने ते घेतलं नाही. फवारणीची औषधं विकणाऱ्याकडून, चर्चासत्रांतून कानावर आलेल्या डाऊनीला त्याने ‘या’ जोडला, ड चा द केला, आणि दावण्या तयार झाला. जनावरं बांधायच्या दावणीशी त्याचं काही नातं नाही, पण कानाला तो शंभर वर्षांपूर्वीचा गावठी शब्द वाटतो, आणि कुणा दुष्ट पाहुण्याच्या नावासारखाही. “दावण्या आला,” असंच म्हणतात, कधीच “दावण्याचा प्रादुर्भाव झाला” म्हणत नाहीत. ते वर्तमानपत्रात.

परक्या शब्दाचं असं मराठीकरण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ‘सबकेन’ अजून तसा झालेला नाही. खरडीनंतर सहा-सात पानांवर शेंडा खुडून बगलेतून जी नवी काडी वाढवतात ती सबकेन, आणि ती ‘मारतात’ किंवा ‘घेतात’. ‘डिपिंग’ आणि ‘थिनिंग’ही मराठी क्रियापदांच्या आधाराने चालतात, त्यांतल्या थिनिंगला ‘विरळणी’ हा चांगला प्रतिस्पर्धी आहे. दावण्याला मात्र आता आधार लागत नाही. त्याचं सामान्यरूप होतं, त्याला विभक्ती लागते. कोशात त्याची नोंद व्हावी, शेजारी बाळीचा हा अर्थ यावा, जिरणेखाली ‘घड जिरणे’ यावं, आणि खरडीखाली पहिल्या एक-दोन अर्थांतच द्राक्षाची छाटणी दिसावी. सांगलीच्या कुठल्याही बागेत, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, हे सगळे शब्द एका सकाळीत टिपून घेता येतात.